आप्पांची पहिली चौकशी

नव्या गावात गेल्यावर माणसं आधी काय विचारतात? नळाला पाणी कधी येतं, बाजार कोणत्या वारी असतो, दवाखाना किती लांब. आमचे आप्पा आधी मसणवटा विचारायचे. "आपल्या लोकांना इथं माती कुठं देतेत?" हा त्यांचा पहिला प्रश्न. तोही कुणाला बाजूला घेऊन, दबक्या आवाजात नाही. चारचौघांत, बशीतला चहा फुंकत विचारायचे. ऐकणाऱ्याचा घोट घशात अडकायचा, आणि आप्पा उत्तर येईपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत बसायचे.

आप्पा म्हणजे माझे सासरे. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते ह्या प्रश्नासकटच. देवगाव फाट्याला माझ्या माहेरी मला बघायला आले होते. पोहे झाले, चहा आला, वडील म्हणाले काही विचारायचं असेल तर विचारा. आप्पांनी माझ्याकडे ढुंकूनही न बघता वडिलांना मसणवट्याचं विचारलं. आतून आईच्या हातातलं ताट वाजलं. वडिलांनी बिचाऱ्यांनी ओढ्यापलीकडची जागा सांगितली. "उंचावर हाय का सखल?" आप्पांनी तेही विचारून घेतलं आणि मग कुठे माझ्या शिक्षणाकडे वळले. पाहुणे गेल्यावर आई म्हणाली, हे स्थळ नको, हा माणूस शुभकार्याला मसण घेऊन येतो. मला हसू आवरेना. मी म्हटलं, सगळे जे पोटात ठेवतात ते हा माणूस ओठावर आणतो, मला चालेल. फार्मसी झालेली पोरगी, त्यात हट्टी, आईचं काही चाललं नाही.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. आम्ही लिंगायत. आमच्यात गेलेल्या माणसाला जाळत नाहीत, माती देतात, आणि तीही आडवं करून नाही. आंघोळ घालून, भस्म लावून मांडी घालून बसवतात. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवतात आणि तसंच बसलेलं मातीत उतरवतात. जन्मभर रोज सकाळी ज्या बैठकीत पूजा केली त्याच बैठकीत जायचं. परभणी जिल्ह्यात हे कुणाला सांगावं लागत नाही. बाहेर पडलं की मात्र सांगावं लागतं, आणि सांगेपर्यंत कधी कधी उशीर होतो.

सोनपेठला आप्पांचं बी-बियाण्याचं दुकान होतं. त्यांची एक पद्धत होती. नवीन गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, अमुक वाणाची पिशवी द्या, की आप्पा हात पुढे करायचे. पैशासाठी नाही, मातीसाठी. शेतातली मूठभर माती रुमालात बांधून आणायची, ती आप्पा चिमटीत घेऊन चोळणार, वास घेणार, थेंबभर पाणी टाकून गोळी वळून बघणार, आणि मग सांगणार कपाशी लावा की सोयाबीन. "माती हातात घेतल्याबिगर बोलू न्हाई," हे त्यांचं पालुपद. माणसांनाही हीच कसोटी लावायचे. मला त्यांनी चोळून कधी बघितलं कुणास ठाऊक, पण बघितलं होतं एवढं नक्की.

लग्नाला दीड वर्ष होतं न होतं तोच सासूबाई गेल्या. त्यांना शेतात, बांधावरच्या लिंबाखाली बसवलं. शेजारची जागा आप्पांनी स्वतःसाठी राखून ठेवली, तिथे तुरीचं एक रोपसुद्धा लावू दिलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यांची छाती दुखली. परभणीच्या डॉक्टरांनी हृदयाची झडप, नळी, काय काय सांगितलं आणि शेवटी म्हणाले, ह्यांना एकटं ठेवू नका. नेमकी त्याच महिन्यात मला मुंबईच्या एका सरकारी दवाखान्यात फार्मासिस्टची नोकरी लागली. माझा नवरा महेश दुकान भाड्याने देऊन माझ्याबरोबर यायला तयार होता. राहता राहिले आप्पा.

आप्पांनी विचाराला तीन दिवस घेतले. चौथ्या दिवशी दुकानात बोलावलं, महेशलाही आणि मलाही. म्हणाले, येतो, पण शब्द पाहिजे. महेश लगेच म्हणाला, आप्पा, तुम्ही म्हणाल तो शब्द. आप्पांनी त्याला हातानेच गप्प केलं.

"तुझा नको. तू रडत बसशील. हिचा पायजे. ही भांडती."

मी म्हटलं, मी कधी कुणाशी भांडले?

"आत्ता भांडायलीस की, माय," आप्पा म्हणाले आणि मग हसू न देता पुढचं सांगितलं. "मी कुठंबी गेलो, तर मला आडवं करू देऊ नको. जाळू देऊ नको. गावाकडं न्यायच्या नादात बरफात टाकून नेऊ नको. तुझ्या सासूच्या शेजारी जमलं तर सोनं. न्हाई जमलं तर जिथं असंल तिथं. पर बसवून. हाय का कबूल?"

मी कबूल म्हटलं. तेव्हा ते मला एवढं सोपं वाटलं की विचारू नका. सव्वीस-सत्तावीस वर्षांच्या बाईला मरण हे दुसऱ्याच्या घरचं कार्य वाटतं.

मुंबईत घर शोधताना आमची दोन घरं आप्पांनी घालवली. पहिलं चांगलं हवेशीर होतं. मालकीणबाई एकट्या, प्रेमळ, सरबत वगैरे केलेलं. आप्पांनी ग्लास खाली ठेवला आणि विचारलं. बाईंनी देव्हाऱ्याकडे बघून हात जोडले आणि संध्याकाळी एजंटाचा फोन आला की त्यांचा विचार बदलला. दुसऱ्या घराच्या मालकाला वाटलं, घरात कुणी शेवटच्या आजारातलं आहे आणि आम्ही लपवतोय. तिसऱ्या घराच्या वेळी मी जिन्यातच आप्पांना दम भरला, तोंड उघडायचं नाही. पठ्ठ्याने खरंच उघडलं नाही. करारावर सह्या होताना एकदा घसा खाकरला तेव्हा मी त्यांच्या पायावर पाय दिला. घर मिळालं. पुढे कळलं की वर येतानाच त्यांनी वॉचमनला विचारून घेतलं होतं.

शहर त्यांना काही केल्या हाताला लागेना. सोसायटीच्या कुंड्यांतली माती चोळून म्हणाले, हा नुसता चुरा हाय, ह्याच्यात बी रुसंल. एका रविवारी आम्ही त्यांना समुद्र दाखवायला नेलं. आम्हाला वाटलं, एवढं पाणी बघून माणूस खूश होईल. आप्पांनी पाण्याकडे बघितलंच नाही. वाळूत कुणीतरी खड्डा करून ठेवला होता, त्याच्या काठाशी उकिडवे बसले. खड्ड्यात खालून पाणी झिरपत होतं, कडा ढासळत होत्या, बघता बघता खड्डा बुजला. आप्पा उठले, हात झटकले आणि चला म्हणाले. महेशला वाटलं ऊन लागलं. मला कळलं होतं काय लागलं ते, आणि माझा जीव उगीच धास्तावला.

सोसायटीत आमच्या दाराचा एक वेगळाच वाद. दिवसाढवळ्या दार लावलेलं घर म्हणजे सुतकातलं घर, असं आप्पांचं गणित. त्यामुळे सकाळी उघडलेलं दार दिवे लागेपर्यंत उघडं. सेक्रेटरीकाका, म्हणजे आमच्याच मजल्यावर राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब, दोनदा समजावून गेले की इथे असं चालत नाही, चोऱ्या होतात. आप्पांनी त्यांना आत बसवून चहा पाजला. तिसऱ्यांदा ते आले ते चिडूनच. खालच्या बागेत सकाळी म्हातारी मंडळी जमून टाळ्या वाजवत हसायचा व्यायाम करतात. त्यांनी आप्पांनाही बोलावलं होतं. हसून झाल्यावर आप्पांनी एकेकाला विचारलं की तुमची सोय कुठं हाय. एका आजोबांना तर झोपच आली नाही रात्रभर. सेक्रेटरीकाका मला म्हणाले, मॅडम, तुम्ही अकरा महिन्यांच्या भाडेकरू आहात, सासऱ्यांना आवरा. मीही काही गप्प बसणारी नाही. म्हटलं, काका, मरणाचं नाव काढल्याने कुणी मरत असतं तर औषधांची दुकानं बंद झाली असती. झालं, त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. मनातून मात्र मला भीती होती. नोकरी नवीन, घर भाड्याचं, आणि हे घरही गेलं तर आप्पांना घेऊन जायचं कुठे?

आप्पांची पूजा पहाटे. आंघोळ करून हॉलच्या कोपऱ्यात पूर्वेला तोंड करून बसायचे, लिंग डाव्या तळहातावर, उजव्या हाताने भस्म, बेल. पूजा होईपर्यंत पाण्याचा थेंब नाही. सासरी आल्यापासून तो नेम मलाही लागला होता. गावात बेलाला तोटा नाही. इथे स्टेशनबाहेर फुलवालीकडे मिळायचा तो शिळा, काळवंडलेला. आप्पांना तो हातात धरवेना. ते बेलाचं झाड शोधत हिंडायला लागले. रोज एका दिशेला, विचारत विचारत. आणि एका सोमवारी दुपारी घरी आले ते हातात ताज्या बेलाची डहाळी आणि तोंडभर हसू घेऊन. बेलाचं झाड सापडलं होतं. ते आमच्या घरापासून बसने पाऊण तासावर, खाडीच्या बाजूला, लिंगायतांच्या मसणवट्यात होतं.

आता बोला! मी कपाळाला हात लावला.

त्यानंतर दर सोमवारी आप्पा तिकडे. तिथली देखभाल एक जंगम स्वामी, म्हणजे आमच्यातले पुजारी, करायचे, तिथेच खोलीत राहायचे, मूळचे सोलापूरकडचे. दोघांची गट्टी जमली. आप्पा डब्यात भाकरी नेत, तिकडे झाडझूड करत, संध्याकाळी बेल घेऊन परत. मी चिडायचे. लोक बागेत जातात, देवळात जातात, तुम्हाला फिरायला हीच जागा सापडली का? आप्पा म्हणायचे, "तिथं आपल्या बोलीत कुणीतरी बोलतंय, माय. हितं कोण बोलायलंय?" मी सकाळी साडेसातला घर सोडायचे ते सातला यायचे. महेशचं कुरियरच्या गोदामातलं काम त्याहून वाईट. दिवसभर त्या उघड्या दारात आप्पा एकटेच असायचे.

चार-पाच सोमवार असे गेले आणि एके दिवशी आप्पा कोपरापर्यंत चिखलाने माखलेले परत आले. चपला दाराबाहेर, हात तसेच धरलेले. मी पाणी ओतलं, हात धुतले, तेव्हा म्हणाले, "पाणी लागलं." मला उमगेना. मग कळलं की त्यांनी तिथे काठीने आणि खुरप्याने उकरून बघितलं होतं. दोन हात खाली गेलं की ओल आणि तीन हातांवर खारं पाणी. "तिथं माणूस बसत न्हाई. कलंडतंय." आणि मग लहान मुलासारखा हट्ट धरला, मला गावाला सोडून ये. आजच्या आज.

मी दमून आले होते. दवाखान्यात त्या दिवशी दोनदा बोलणी खाल्ली होती. मी नाही नाही ते बोलले. म्हटलं, आप्पा, जगायचं कसं ह्याच्या काळजीने आमची झोप उडालीय आणि तुम्ही मेल्यावर कसं बसायचं ह्याच्या मागे लागलाय! गावात एकटे काय करणार आहात, छाती दुखली तर कोण बघणार? मेल्यावर माणसाला काय कळतं, ओलं की कोरडं?

एवढं बोलून झाल्यावर माझीच मला लाज वाटली. पण शब्द गेला होता. आप्पा बराच वेळ आपल्या ओल्या हातांकडे बघत बसले. मग खालच्या मानेने म्हणाले, "थोरल्याला मी जाळलं, माय."

थोरले म्हणजे त्यांचे मोठे भाऊ, पुण्याला असायचे. महामारीच्या पहिल्या वर्षी ते तिकडच्या एका दवाखान्यात गेले एवढं मला माहीत होतं. पुढचं महेशलाही माहीत नव्हतं. कुणालाच भेटू देत नव्हते. मुलगा स्वतः आजारी, म्हणून फोन आप्पांना आला. दुकानात पेरणीची गर्दी, तोंडाला फडकं, पलीकडे घाईत बोलणारा कुणीतरी. त्याने विचारलं, अंत्यविधी इथेच करायचा, दहन ना? आप्पांना नीट ऐकू आलं नाही, किंवा आलं आणि ध्यानात आलं नाही. ते म्हणाले, "हां, करा." फोन ठेवला, समोरच्या गिऱ्हाइकाला बियाण्याची पिशवी दिली, आणि मग एकदम कळलं आपण काय बोललो ते. पुढे दोन तास ते तो नंबर लावत होते. लागला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं.

"तवापासून मी आधी इचारून ठेवतो," आप्पा म्हणाले. "ऐन टायमाला माणसाला सुचत न्हाई. हां म्हणून जातंय."

त्या दिवशी मी त्यांचे हात पुन्हा धुतले. धुवायची गरज नव्हती, पण धुतले. पुढच्या सोमवारी त्यांच्या डब्यात भाकरी मी स्वतः बांधून दिली आणि परत कधी टोकलं नाही. गावाला जायचंही त्यांनी काढलं नाही. असे सहा-सात महिने गेले. मध्ये एका सोमवारी फार खुशीत आले, चहा दोनदा मागितला, मला म्हणाले, "माती कोरडी असली की माणूस निवांत." मी विचारलं कुठली माती, तर म्हणाले, तुला काय करायचंय, तुझी शिफ्ट बघ.

तो गुरुवार होता. महेश शेताच्या फेरफाराच्या कामाला दोन दिवस सोनपेठला गेला होता. सकाळचे सहा वाजून गेले असतील. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत होते, आप्पांचा जप ऐकू येत होता. तो थांबला. पूजा झाली असेल म्हणून मी चहाचं आधण ठेवलं. त्यांच्या कपाचा आवाज नाही, खाकरणं नाही. बाहेर येऊन बघते तर आप्पा मांडी घालून बसलेले, पाठ भिंतीला, मान जराशी कललेली, डाव्या तळहातावर लिंग तसंच.

मी हाका मारल्या, नाकाशी हात धरला. मग तशीच अनवाणी खाली धावले. शेजारच्या इमारतीत डॉक्टर राहतात, आप्पांना ओळखणारे. त्यांना उठवून आणेपर्यंत अर्धा तास गेला. माझी ओरड ऐकून मजल्यावरची मंडळी आली होती. दार तर उघडंच. आम्ही आत शिरलो आणि मी उंबऱ्यातच थांबले.

आप्पांना आडवं केलेलं होतं. हॉलच्या मधोमध, स्वच्छ चादरीवर, सरळ. पायाचे अंगठे चिंधीने बांधलेले, ओठांवर तुळशीचं पान. लिंग कुणीतरी जपून खिडकीत ठेवलं होतं. आणि सेक्रेटरीकाका, ज्यांच्याशी मी कित्येक महिने बोलले नव्हते, डोळे पुसत फोनवर सांगत होते, हो, अकराची वेळ चालेल, विद्युतदाहिनीच.

भांडकुदळ माणसाशी भांडायला काही लागत नाही. भल्या माणसाशी, तो भलं करत असताना भांडणं फार अवघड. ते सगळे माझ्यासाठी झटत होते. काका म्हणाले, बेटा, तू बस, आम्ही आहोत, सगळं करतो. मला माहेर सोडल्यापासून कुणी बेटा म्हटलं नव्हतं. माझ्या तोंडाशी आलं होतं, हो, करा. खरं सांगते, आलं होतं. तेवढ्यात मला तो फोन आठवला. दुकानातली गर्दी, आणि एक शब्द.

"आप्पांना उठवून बसवा," मी म्हटलं. "आमच्यात जाळत नाहीत. बसवून माती देतात. त्यांना मी शब्द दिलाय."

एक बाई हळूच म्हणाल्या, धक्का बसलाय हिला. काका समजावू लागले, अगं, आता एवढ्या मोठ्या शहरात तू कुठे ते शोधणार, नवराही इथे नाही, वेळही मिळालीय. मी ओरडले नाही. मी खाली बसले आणि अंगठ्यांची चिंधी सोडायला लागले. गाठ घट्ट होती, सुटेना, मी दातांनी सोडवली. तेव्हा आप्पांची नाडी बघून झालेले डॉक्टर मध्ये पडले. म्हणाले, ती म्हणते तसं करायचं असेल तर आत्ताच करा, तासा-दोन तासांत अंग ताठेल, मग गुडघे दुमडणार नाहीत.

मी आप्पांच्या खांद्याखाली हात घातला. मला एकटीला ते उचलेनात. माणूस गेल्यावर एवढा जड कसा होतो कुणास ठाऊक. काकांनी माझ्याकडे बघितलं, आप्पांकडे बघितलं, फोन करून अकराची वेळ रद्द केली आणि बाह्या सारल्या. "सांग, कसं बसवायचं," म्हणाले.

आम्ही चौघांनी मिळून त्यांना बसवलं. मांडी घातली, पाठीशी पाट उभा केला, माझ्या ओढणीने छातीशी बांधलं. तळहातावर लिंग ठेवलं तर ते घरंगळलं. दुसऱ्यांदाही घरंगळलं. तिसऱ्या वेळी मी पांढऱ्या फडक्याने हात बांधला आणि मग कुठे ते राहिलं. महेशला फोन लावला. तो हमसून रडत म्हणाला, गावाला आण, आईशेजारी बसवू. मी विचारलं, आडवं करून आणू? मग म्हणाला, नको, मीच निघालो.

आप्पांजवळ मजल्यावरची मंडळी बसली आणि पालिकेत मृत्यूच्या दाखल्याच्या खिडकीवर काका माझ्याबरोबर आले. आत बसलेल्या माणसाने नाव-गाव लिहिलं आणि न विचारता पुढे लिहिलं, दहन. मी म्हटलं, दफन लिहा. तो म्हणाला, ताई, नाव तर हिंदू आहे. मी खिडकीतून हात घालून कागदावर बोट ठेवलं आणि म्हटलं, दुसरा कागद घ्या. तो चिडला, माझा आवाज चढला, मागे रांग कुरकुरायला लागली. शेवटी काका पुढे झाले. म्हणाले, साहेब, ही म्हणते तसं लिहा, मी सकाळीच हिच्याशी वाद घालून बघितलाय. त्याने दुसरा कागद घेतला.

महेश संध्याकाळी पोचला, दिवेलागणीच्या आधी माती झाली, सगळं रीतसर झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मला सांगायचंय ते त्या दुपारचं.

दुपारी दोनच्या सुमाराला मी आणि काका खाडीजवळच्या त्या जागेवर पोचलो. मी तिथे कधीच आले नव्हते. रिक्षातच मी मनाशी सगळं जुळवून ठेवलं होतं. जागा नाही म्हणाले तर काय बोलायचं, तुम्ही इथले नाही म्हणाले तर काय बोलायचं, उद्या या म्हणाले तर कुणाचं नाव घ्यायचं. आणि पाणी लागेल त्या सखलात तर मी बसवू देणार नव्हतेच, मग काही होवो. फाटकाशी एक काटकुळे, भस्म लावलेले गृहस्थ झाडत होते. मी नमस्कार म्हणून शरणार्थही म्हटलं नाही. दाखला पुढे धरून सुरूच केलं की हे बघा, कागद पूर्ण आहेत, आम्ही भाड्याने राहतो पण रीतसर राहतो, माणूस आडवा ठेवायचा नाही, कोरडी जागा मिळाल्याशिवाय मी इथून हलणार नाही.

स्वामींनी झाडू भिंतीला टेकवला. माझं बोलणं संपेपर्यंत उभे राहिले.

"आप्पांची सून ना?" म्हणाले.

मी मान हलवली.

"चला, दाखवतो." ते मला आत घेऊन गेले. बेलाच्या झाडामागे जमीन कमरेएवढी उंच होती. तिथे चार विटा ठेवून चौकोन आखलेला होता, मधलं गवत खुरपलेलं. "हितं पाणी लागत न्हाई. आप्पांनी सहा महिने दर सोमवारी उकरून बघितलंय. गडी बोलावलेत मी, तुमच्या घरून कुणाचातरी फोन आला तवाच."

काका माझ्याकडे बघत होते. त्यांनी नंबर कुठून मिळवला, फोन कधी केला, ते मला आजही सांगत नाहीत.

तरी मी म्हटलं, पण कागद, पण सही... मला थांबताच येईना. सकाळपासून मी फक्त भांडत होते आणि आता भांडायला कुणी समोर उरलं नव्हतं. स्वामी खोलीत गेले, पाण्याचा तांब्या घेऊन आले.

"अक्का, आप्पा मला सांगून गेलेत. म्हणले, एक दिवस माझी सून यील. दिवसभर भांडून यील बिचारी. तिला काय इचारू नका. आधी पाणी द्या."

आप्पांची पूजा झाली की मगच घरात पाणी प्यायचं. त्या दिवशी ती पुरी झाली का अर्धीच राहिली हे मला माहीत नव्हतं, आणि सकाळपासून माझ्या पोटात थेंब गेला नव्हता. मी त्या चार विटांच्या शेजारी मातीवर बसले. माती कोरडी होती. मी ती चिमटीत घेऊन चोळून बघितली, आणि मग तांब्या तोंडाला लावला.